पाक-नापाकच्या आधी विचारायचा प्रश्न

आपल्या घरांत कुत्र्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाक की नापाक? गेल्या चार वर्षांत हा प्रश्न मला नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, घर दाखवणाऱ्या एजंटांनी आणि एकदा लग्नासाठी बघायला आलेल्या मुलाच्या आईनेही विचारला आहे. ‘ही कुत्री तुझ्यासाठी नेमकं करते काय?’ हे मात्र फार थोड्यांनी विचारलं. या लेखात मी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देणार आहे आणि पहिल्याचं नंतर. कारण प्रश्नांचा क्रम बदलला की उत्तरंही बदलतात.

माझं वय चौतीस. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, इंजिनीअरिंग आणि नोकरी पुण्यात. विशीत माझी श्रवणशक्ती कमी होत गेली आणि आता दोन्ही कानांनी सत्तर डेसिबलच्या पलीकडची हानी आहे. म्हणजे २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याच्या भाषेत मी ‘बधिर’ या वर्गात मोडते. श्रवणयंत्रं लावली, समोरच्याचे ओठ दिसले आणि स्क्रीनवर कॅप्शन असली की ऑफिसचं काम व्यवस्थित चालतं. पण रात्री झोपताना, आंघोळीच्या वेळी, बॅटरी संपली की यंत्रं काढावी लागतात. मग दाराची बेल, कुकर, धुराचा अलार्म, कुणी मारलेली हाक, यातलं काहीही माझ्यापर्यंत पोहोचत नाही. मी एकटी राहते. सुपारी ही माझी तपकिरी, गावठी कुत्री हे आवाज मला सांगते.

ती काय करते?

बेल वाजली की सुपारी माझ्याकडे येते, गुडघ्यावर पंजा ठेवते. मी दोन्ही तळवे उघडून ‘कुठे?’ अशी खूण करते आणि ती मला दारापर्यंत नेते. कुकरची शिट्टी झाली की पंजा. दुसरी झाली की पुन्हा पंजा. तीन पंजे झाले की मी गॅस बंद करते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत ती येत नाही, कारण शेगडीजवळ कुत्रा नको. सकाळचा अलार्म झाला की पांघरुणावर पंजा. धुराचा अलार्म वाजला तर मात्र ती मला आवाजाकडे नेत नाही; पंजा ठेवते आणि जागीच जमिनीवर आडवी होते. ‘धोका आहे, तिकडे जाऊ नकोस, बाहेर पड’ असा त्याचा अर्थ. ब्रिटनमध्ये कर्णबधिरांचे कुत्रे धोक्याची सूचना अशीच देतात.

‘तू इंजिनीअर, मग यंत्र का नाही वापरत?’ हा प्रश्न ऑफिसात हमखास येतो. वापरते ना. दिवा लुकलुकणारी बेल आहे, उशीखाली थरथरणारं घड्याळ आहे. २०२० पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींत आवाज ओळखून सूचना देण्याची सोय आली, तीही चालू असते. ज्यांचं एवढ्यावर भागतं त्यांनी कुत्रा पाळायच्या फंदात पडू नये, असंच मी सांगेन. पण दिवा दिसायला मी त्याच खोलीत असावं लागतं. फोन अंगावर असावा लागतो, चार्ज असावा लागतो, आणि तो आवाज झाल्याचं सांगतो, कुठून झाला ते नाही. शिवाय यंत्राची सूचना नजरेतून सुटली की सुटली. सुपारी मी उठेपर्यंत पंजा मारत राहते.

शिकवलं कसं?

भारतात असे कुत्रे तयार करून देणाऱ्या संस्था फार थोड्या, आणि परदेशातून प्रशिक्षित कुत्रा आणणं माझ्या आवाक्याबाहेरचं. म्हणून तिला मीच शिकवलं. या कामाभोवती एक गूढ वलय आहे, ते काढायला हवं म्हणून थोडं तपशिलात सांगते.

सगळ्यात महत्त्वाची असते ती निवड. जात नव्हे, स्वभाव पाहायचा. भटक्या कुत्रीची वाचवलेली पाच पिल्लं होती. मी स्टीलचं ताट फरशीवर पडू दिलं. दोन पिल्लं पळाली, दोघांनी दुर्लक्ष केलं, एक दचकलं आणि लगेच ताटाचा वास घ्यायला आलं. तीच सुपारी. आवाजाने घाबरणारा कुत्रा या कामाचा नाही आणि आवाजाकडे लक्षच न देणाराही नाही.

पहिले सहा महिने कुठलंही खास काम नाही. लसीकरण, महापालिकेचा परवाना, घरात घाण न करणं, पट्टा न ओढता चालणं, लिफ्टमध्ये शांत बसणं, रिक्षा आणि फटाक्यांची सवय. मग पहिला धडा: हाताची खूण केली की गुडघ्यावर पंजा, पंजा ठेवला की खाऊ. प्रशिक्षक ‘बरोबर’ हे कळवायला क्लिकर वाजवतात; मी अंगठा वर करते. मारणं, ओरडणं यांची गरज पडली नाही. मारलेला कुत्रा मालकाला टाळायला शिकतो, आणि मला तर आपणहून जवळ येणारा कुत्रा हवा होता.

दुसरा धडा: आवाज झाला की हीच क्रिया. इथे खरी अडचण आली. कर्णबधिर माणूस आवाजाचं प्रशिक्षण देणार कसं? तिने पंजा ठेवला, पण आवाज खरंच झाला होता की खाऊसाठी थाप मारली, हे मला कळणार कसं? मग मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दुसऱ्या खोलीतल्या ब्लूटूथ स्पीकरवर तो दिवसातून कधीही बेलचा आवाज वाजवी आणि त्याच क्षणी माझ्या टेबलावरचा छोटा एलईडी दिवा लावी. दिवा लागला आणि पंजा आला तर खाऊ. दिवा नसताना पंजा आला तर काही नाही. खऱ्या दारासाठी शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी येऊन बेल दाबायची, बदल्यात मी तिला जावा शिकवायचे. एकेक आवाज पक्का व्हायला आठवडे लागले. दीड वर्षाने मी रात्री निर्धास्त झोपू लागले.

यात पैसा लागतो, रोजचा वेळ लागतो आणि ही दहा-बारा वर्षांची बांधिलकी आहे. कुत्रा आजारी पडतो, म्हातारा होतो. झेपत नसेल त्याने घेऊ नये. पण झेपत असेल आणि गरज असेल, तर ‘आपल्यात चालत नाही’ एवढ्यावर वाट बंद व्हायला नको.

स्वतः शिकवण्याचा हक्क

सहायक कुत्र्यांच्या शाळांचा इतिहास फार जुना नाही. अंधांसाठी मार्गदर्शक कुत्र्यांची पहिली शाळा १९१६ मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गमध्ये निघाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी ती होती. १९२८ मध्ये मॉरिस फ्रँक हा अमेरिकन अंध तरुण स्वित्झर्लंडला जाऊन ‘बडी’ नावाच्या कुत्रीसोबत शिकून आला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली. बहिरेपण, व्हीलचेअर, अपस्मार, मधुमेह यांसाठी कुत्रे तयार होऊ लागले ते नंतर.

अमेरिकेच्या १९९० च्या अपंगविषयक कायद्यानुसार सहायक कुत्रा संस्थेनेच शिकवलेला असावा अशी अट नाही. अपंग व्यक्ती स्वतः शिकवू शकते, सर्टिफिकेट लागत नाही. गरज उघड दिसत नसेल तर दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का? आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? कुत्रा काबूत नसेल किंवा घाण करत असेल तर त्याला बाहेर काढता येतं. केवळ सोबतीने बरं वाटतं म्हणून ठेवलेला कुत्रा या व्याख्येत बसत नाही. म्हणजे हक्क कामाला जोडलेला आहे, कागदाला नाही. संस्थेचा कुत्रा परवडत नाही अशा माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, ‘वाजवी सोय’ ही कल्पना आणली. पण सहायक प्राण्याची व्याख्या त्यात नाही. त्यामुळे सुपारी कायद्याच्या लेखी फक्त पाळीव कुत्री आहे. रेल्वेने रत्नागिरीला जायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर तिला सामानाच्या डब्यातल्या पेटीत टाका. जी मला आवाज सांगते तिला पेटीत बंद करून मी प्रवासात काय ऐकणार? भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात साधनांच्या बरोबरीने सजीव साहाय्याचाही उल्लेख आहे. तो आपल्या नियमांत उतरायचा बाकी आहे.

आता पाक-नापाक

हा प्रश्न मी टाळणार नाही, आणि ज्यांना तो पडतो त्यांना मागासही म्हणणार नाही. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. कुत्र्याबाबत सगळ्यात कडक मत शाफई आणि हंबली फिकहचं आहे: अख्खा कुत्रा नजिस. ओला स्पर्श झाला तर सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीने. हनफींच्या प्रचलित मतानुसार लाळ नापाक, अंग नाही. मालिकी मतानुसार जिवंत कुत्रा पाकच आहे. म्हणजे लहानपणापासून ‘इस्लाम सांगतो’ म्हणून आपण जे ऐकतो, ते अनेकदा चारपैकी एका परंपरेचं मत असतं. हे माहीत असणंही आपल्याला उपयोगी आहे.

ज्या घरात कुत्रा असेल तिथे फरिश्ते येत नाहीत, आणि विनाकारण कुत्रा पाळणाऱ्याच्या पुण्यातून रोज वजावट होते, या हदीस आहेत. पण याच दुसऱ्या हदीसमध्ये शिकार, गुरं आणि शेती यांच्या राखणीचे कुत्रे वगळलेले आहेत. तेराव्या शतकातल्या इमाम नववींसारख्या शाफई विद्वानाने त्याच न्यायाने घराच्या राखणीचा कुत्राही चालेल असं मत दिलं, कारण सवलतीचं मूळ गरजेत आहे. मेंढ्यांसाठी चालतो, घरातल्या सामानासाठी चालतो, मग आग लागल्याचं जिला ऐकू येत नाही तिच्यासाठी का नाही?

कुरआनातल्या दोन जागा मला इथे महत्त्वाच्या वाटतात. सूरह अल-कहफमध्ये गुहेत झोपलेल्या तरुणांबरोबर त्यांचा कुत्रा उंबऱ्यावर पाय पसरून आहे, आणि ते किती जण होते याची चर्चा येते तेव्हा प्रत्येक मोजणीत तोही धरला जातो. दुसरी जागा सूरह अल-माइदाची चौथी आयत. शिकवलेल्या जनावराने पकडलेली शिकार हलाल असल्याचं ती सांगते. तिथे शिकवणाऱ्यांसाठी ‘मुकल्लिबीन’ हा शब्द आहे. ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. त्याच धातूपासून तो आला आहे. आणि जनावराला शिकवण्याची ही विद्या अल्लाहने माणसाला दिलेल्या ज्ञानातूनच आल्याचं ती आयत सांगते. ज्या ग्रंथात कुत्रा शिकवणाऱ्यांसाठी शब्द आहे, त्या ग्रंथाचे वाचक आपण, आणि कुत्रा शिकवणारी मुलगी मात्र आपल्याला बेदीन वाटते.

मी आलिमा नाही. फतवा देणं माझं काम नाही. पण रोजच्या जगण्यात वाट कशी काढली ते सांगू शकते. बहुतेक कुत्र्यांना नाकाने ढोसायला शिकवतात. नाक ओलं असतं, म्हणून मी पंजा निवडला. खाऊ हातातून न देता वाटीत टाकते. नमाजची खोली वेगळी आहे, तिथे ती येत नाही. अम्मी गावाहून येते तेव्हा आजही सुपारीला हात लावत नाही, नमाजचे कपडे वरच्या कपाटात ठेवते. आणि मी दुसऱ्या खोलीत असले की तिलाच सांगते, ‘जा गो, तिला बोलाव.’ अम्मीचं मत बदललं की नाही, मी कधी विचारलं नाही. दोघींची व्यवस्था लागली आहे, मला तेवढं पुरे.

समाजाच्या पातळीवरही अशी व्यवस्था लागू शकते. २००८ मध्ये ब्रिटनच्या लेस्टर शहरात एका अंध मुस्लिम तरुणाला त्याच्या मार्गदर्शक कुत्र्यासह मशिदीत येता यावं म्हणून तिथल्या उलेमांनी फतवा दिला. कुत्रा नमाजच्या दालनात गेला नाही. दाराजवळ त्याच्यासाठी जागा केली गेली. मशिदीचं पावित्र्य टिकलं आणि तरुण एकटा मशिदीत येऊ लागला. त्याच देशात अंध प्रवाशाचा कुत्रा नाकारायला टॅक्सीचालकाला वैद्यकीय कारणच लागतं, धार्मिक कारण चालत नाही. दोन्ही गोष्टी एकाच समाजात नांदू शकतात.

तीन बंद दारं

पुण्यात घर शोधताना मला तीनदा नकार मिळायचा. काही वस्त्यांत आडनाव ऐकून. काही ठिकाणी एकटी बाई म्हणून. आणि आपल्या मोहल्ल्यांत, जिथे आडनाव आड येत नाही, तिथे कुत्र्यामुळे. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण घरमालक कारण सांगतच नाही, तेव्हा कुठली सूचना दाखवायची? पहिल्या नकाराबद्दल आपण लिहितो, बोलतो, आणि ते योग्यच आहे. मग तिसऱ्या नकाराबद्दल गप्प का? आपल्याला घर नाकारलं जातं तेव्हा तो भेदभाव, आणि आपण नाकारतो तेव्हा ती परंपरा, असं दुटप्पी माप चालणार नाही.

यामागे एक आणखी खोल गोष्ट आहे. आपल्या घरांत अपंग मुलीवर माया कमी नसते. तिला एकटी सोडत नाहीत, बेल वाजली तर भाऊ उघडतो, रात्री आई शेजारी झोपते. पण ही सगळी माया ‘कुणीतरी नेहमी जवळ असेल’ या गृहीतकावर उभी आहे. भावाचं लग्न होतं, आई थकते आणि मग त्या मुलीला शहर, नोकरी, स्वतःचं घर यातलं काहीच शक्य नाही असं सगळे मानून चालतात. सुपारीने मला आवाज दिले हे खरं. त्याहून मोठं म्हणजे कुणाच्या आयुष्याला टेकू न मागता राहता येतं हे तिने दाखवलं. ते मला कुणी दान म्हणून दिलेलं नाही, दीड वर्ष खपून मी ते तयार केलं आहे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. सरकारने अपंग हक्काच्या नियमांत सहायक प्राण्याची व्याख्या करावी, ती कामावर आधारित असावी आणि स्वतः शिकवलेल्या कुत्र्यालाही लागू व्हावी. रेल्वे, भाड्याचं घर, दवाखाना, ऑफिस इथे त्याला पाळीव प्राण्याचे नियम लावू नयेत. आपल्या मशिदी आणि दर्ग्यांच्या विश्वस्तांनी दाराजवळ चार बाय चार फुटांची सावलीची जागा ठेवावी. तिला फारसा खर्च नाही. आणि उलेमांनी हा प्रश्न ‘कुत्रा’ म्हणून नव्हे, ‘गरज’ म्हणून हाताळावा. त्यासाठी लागणारी तत्त्वं फिकहमध्ये आधीपासून आहेत.

तुमच्याकडून, या मासिकाच्या तरुण वाचकांकडून, मला एवढंच हवं आहे. तुमच्या घरात, मोहल्ल्यात ऐकू न येणारं, न दिसणारं, व्हीलचेअरवर असणारं कुणीतरी नक्की आहे. पुढच्या वेळी भेटाल तेव्हा त्यांना विचारा: दिवसातली कोणती गोष्ट तुम्हाला दुसऱ्यावर टाकावी लागते, आणि ती स्वतः करता आली तर आवडेल का? उत्तर कुत्रा असेल, यंत्र असेल, रॅम्प असेल किंवा सांकेतिक भाषेचा वर्ग असेल. जे असेल ते मिळवायला त्यांच्यासोबत उभे राहा. पाक-नापाकची चर्चा त्यानंतर खुशाल करू. तेव्हा ती चर्चा करायला तेही आपल्याबरोबर बसलेले असतील.